नवीन करप्रणालीत पीपीएफ खातं: उघडण्यापासून मुदत संपेपर्यंत

"आता ८०सीचा फायदाच मिळत नाही, मग पीपीएफमध्ये पैसे कशाला अडकवायचे?" धाकट्या जावेनं दिवाळीत मला हे विचारलं, तेव्हा तिच्या खात्यात दोन आर्थिक वर्षं एक रुपयाही पडलेला नव्हता. दिरांच्या ऑफिसात बहुतेक सगळे नव्या करप्रणालीत गेले, जानेवारीत गुंतवणुकीचे पुरावे मागायचं थांबलं आणि पासबुक कपाटात तसंच राहिलं. (पीपीएफ म्हणजे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी, सरकारची पंधरा वर्षांची बचत योजना; आणि ८०सी म्हणजे अशा बचतीवर जुन्या करप्रणालीत उत्पन्नातून मिळणारी वजावट.) अशी घरं मला आता सारखी भेटतात. कर वाचावा म्हणून खातं काढलेलं असतं, ते कारण संपलं की खातंही विसरलं जातं.

मी कर सल्लागार नाही. घराचा हिशेब वीस वर्षं मी ठेवते, माझं स्वतःचं पीपीएफ खातं ऑगस्ट २००९ मध्ये उघडलं आणि ३१ मार्च २०२५ ला त्याची मुदत पूर्ण झाली. म्हणजे हा रस्ता मी पहिल्या पावतीपासून शेवटच्या फॉर्मपर्यंत चाललेय. जिथे अडखळले, तिथे तुम्ही अडखळू नये म्हणून हे लिहिते आहे.

१. आधी घराचा कर कागदावर मांडा

खातं उघडण्याआधी अर्धा तास काढा. फॉर्म १६ किंवा पगाराच्या स्लिपा घ्या, बँकेतल्या एफडीचं वर्षाचं व्याज लिहून काढा आणि बेरीज करा.

आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून नव्या प्रणालीत ४ लाखांपर्यंत कर नाही. ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, ८ ते १२ वर १०, १२ ते १६ वर १५, १६ ते २० वर २०, २० ते २४ वर २५ आणि त्यापुढे ३० टक्के. पगारदाराला ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळते. करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर ६०,००० रुपयांपर्यंतची सूट मिळून कर शून्यावर येतो. मात्र शेअर किंवा म्युच्युअल फंड विकून झालेल्या नफ्यावर ज्या वेगळ्या दरानं कर लागतो, त्याला ही सूट लागू होत नाही.

वर्षाला ९ लाख पगार असलेलं घर घ्या. नव्या प्रणालीत ७५,००० वजा जाता ८,२५,००० उरतात, कर शून्य. त्याच घरानं जुनी प्रणाली घेतली, ५०,००० ची वजावट आणि २,५०० रुपये व्यवसाय कर वजा केला, ८०सीखाली पूर्ण दीड लाख भरले, तरी करपात्र उत्पन्न ६,९७,५०० राहतं आणि सेससकट, म्हणजे करावरच्या उपकरासकट, ५४,०८० रुपये कर बसतो. कर वाचवायला दीड लाख भरायचे आणि वर ५४ हजार कर द्यायचा, हे आता कोणत्याच हिशेबात बसत नाही.

जुनी प्रणाली काही घरांना अजून परवडते. गृहकर्जाचं मोठं व्याज, मुंबई-पुण्याचं भरघोस घरभाडं आणि विम्याचे हप्ते एकाच घरात असतील तर दोन्ही आकडे शेजारी शेजारी काढून पाहा. नोकरदार माणूस रिटर्न भरताना दरवर्षी प्रणाली बदलू शकतो, तेही मुदतीच्या आत रिटर्न भरलं तर. धंद्याचं उत्पन्न असलेल्यांना अशी दरवर्षी उडी मारता येत नाही.

२. "करमुक्त" या शब्दाची तुमच्या घरातली किंमत काढा

पीपीएफमध्ये दोन वेगवेगळ्या सवलती होत्या आणि आपण त्या एकच समजत आलो. पैसे भरल्यावर मिळणारी ८०सीची वजावट, ही फक्त जुन्या प्रणालीत आहे. दरवर्षीचं व्याज आणि शेवटी हातात येणारी रक्कम करमुक्त असणं, ही दुसरी सवलत, आणि ती नव्या प्रणालीतही जशीच्या तशी आहे. जावेच्या प्रश्नाचं उत्तर या दुसऱ्या सवलतीत आहे.

तिची किंमत मात्र प्रत्येक घरी वेगळी.

वरच्या ९ लाखांच्या घराला एफडीच्या व्याजावरही कर पडत नाही, कारण सगळं मिळून उत्पन्न १२ लाखांच्या आतच राहतं. अशा घरानं करासाठी पीपीएफ काढण्याचं कारण नाही. त्यानं तो सरकारी हमी, चक्रवाढ आणि हात न लागणारा पैसा यांच्यासाठी काढावा. माझ्या साठीपुढच्या आईला मी पीपीएफ सुचवलाच नाही. तिला दर तिमाहीला हातात व्याज हवं होतं, म्हणून ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ८.२ टक्क्यांनी पैसे ठेवले. त्या व्याजावर कर लागतो, पण तिचं एकूण उत्पन्नच मर्यादेच्या खूप खाली आहे.

१५ टक्क्यांच्या टप्प्यातल्या घराचं गणित निराळं. एक लाखाच्या एफडीवर ७ टक्क्यांनी ७,००० व्याज मिळालं तर सेससकट १,०९२ रुपये करात जातात. पीपीएफचे ७.१ टक्क्यांनी ७,१०० पूर्ण घरात येतात. पंधरा वर्षांत हा फरक चांगलाच वाढतो.

सगळ्यात जास्त काळजी घ्यावी अशी घरं १२ लाखांच्या काठावरची. समजा, वजावटीनंतर पगार ११,८०,००० आहे आणि एफडीचं व्याज ५०,००० आलं. उत्पन्न १२,३०,००० झालं आणि शून्य कराची सूट गेली. मार्जिनल रिलीफ (मर्यादेच्या वर जेवढं उत्पन्न गेलं, त्याहून जास्त कर न लावण्याची सवलत) धरूनही ३०,००० कर आणि त्यावर सेस, म्हणजे ३१,२०० रुपये द्यावे लागतात. पन्नास हजारांच्या व्याजातले एकतीस हजार गेले! हेच व्याज पीपीएफमधलं असतं तर ते एकूण उत्पन्नात धरलंच गेलं नसतं. तुमचा पगार या काठाजवळ असेल तर मार्च संपायची वाट पाहू नका, एप्रिलमध्येच हा हिशेब करा.

३. पोस्ट की बँक

दर, नियम, हमी सगळीकडे सारखीच. १९६८ मध्ये सुरू झालेली ही केंद्र सरकारची योजना आहे, आणि २०१९ मध्ये तिचे नियम नव्यानं आले. पोस्टात, सरकारी बँकांत आणि काही खासगी बँकांत खातं उघडतं. पतसंस्थेत उघडत नाही, कुणी तसं सांगितलं तर तिथून निघा. पीपीएफवर एजंटला कमिशन नसतं, त्यामुळे घरी येऊन कुणी याची माहिती देत नाही. तुम्हालाच जावं लागतं.

पगार ज्या बँकेत येतो तिथे काढलंत तर मोबाइलवरून पैसे भरणं सोपं जातं. गावाकडे पोस्टच जवळ असतं, तर तिथे काढा. पुढे खातं पोस्टातून बँकेत किंवा बँकेतून पोस्टात बदलून घेता येतं. तसं बदलून घ्या, पण नव्या ठिकाणी दुसरं खातं कधीही उघडू नका. एका माणसाच्या नावावर एकच पीपीएफ खातं चालतं. १ ऑक्टोबर २०२४ पासून दुसऱ्या खात्याबद्दलचे नियम कडक झाले आहेत: दोन्हींची भरणा रक्कम वर्षाच्या मर्यादेत बसली तर ती मुख्य खात्यात मिळवतात, जास्तीची रक्कम व्याजाविना परत येते, आणि तिसरं खातं असेल तर त्यावर व्याजच नाही.

परदेशी स्थायिक झालेल्यांना नवं खातं उघडता येत नाही. इथे असताना काढलेलं खातं मुदतीपर्यंत चालवता येतं. मुलगा दुबईला किंवा अमेरिकेला जायच्या तयारीत असेल तर हे आधीच लक्षात घ्या.

४. कागदपत्रं, आणि नावांचा घोळ

सोबत न्यायचं ते एवढंच:

- आधार कार्ड आणि पॅन कार्ड, मूळ प्रत व झेरॉक्स
- पासपोर्ट आकाराचे दोन-तीन फोटो
- आधारवरचा पत्ता जुना असेल तर सध्याच्या पत्त्याचा पुरावा
- नॉमिनीचं पूर्ण नाव, जन्मतारीख, पत्ता आणि आधारची प्रत
- मुलाच्या नावावर उघडायचं असेल तर जन्मदाखला
- पहिला भरणा, किमान ५०० रुपये

खिडकीवर माणसं परत फिरतात ती नावावरून. आपल्याकडे एका कागदावर आडनाव आधी, दुसऱ्यावर शेवटी. लग्न झालेल्या बाईचं पॅन माहेरच्या नावाचं आणि आधार सासरच्या. माझंही तसंच होतं. तेव्हा कसंबसं चालून गेलं, आता जुळत नसलेली नावं यंत्रणाच घेत नाही. आधी पॅन आणि आधार एका नावावर आणा, मगच रांगेत उभ्या राहा. मोबाइल नंबरही आधारशी जोडलेला असू द्या, नाहीतर घरबसल्या खातं उघडताना ओटीपीच येणार नाही.

घरातल्या बाईचं स्वतःचं खातं असावं, असं माझं ठाम मत आहे. तिला पगार असायची अट नाही. नवऱ्यानं भरलेले पैसे चालतात, आणि व्याज करमुक्त असल्यामुळे ते नवऱ्याच्या उत्पन्नात धरलं तरी कर वाढत नाही. वर्षाची दीड लाखाची मर्यादा प्रत्येकाची वेगळी, पण अज्ञान मुलाच्या नावावर भरलेले पैसे पालकाच्याच मर्यादेत मोजले जातात. जोडखातं इथे मिळत नाही.

५. फॉर्म १ भरताना नॉमिनीची ओळ कोरी सोडू नका

खातं उघडायचा अर्ज म्हणजे फॉर्म १. बाकी रकाने कुणीही भरेल. नॉमिनीजवळ थांबा.

बाबा गेले तेव्हा त्यांच्या पीपीएफ पासबुकात नॉमिनीच नव्हता. "नंतर भरतो" म्हणाले असतील आणि राहून गेलं. शिल्लक ५ लाखांच्या आत असती तर प्रतिज्ञापत्र आणि हमीपत्रावर काम झालं असतं. ती त्याहून जास्त होती, त्यामुळे कोर्टातून वारसा प्रमाणपत्र आणावं लागलं. वकील, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, तारखा. आईच्या हाती पैसे येईपर्यंत चौदा महिने गेले, आणि त्या चौदा महिन्यांत तिला स्वतःच्याच घरच्या पैशांसाठी भावाकडून उसने घ्यावे लागले. ते तिच्या मनाला किती लागलं होतं, हे मी विसरू शकत नाही.

चारपर्यंत नॉमिनी लावता येतात, प्रत्येकाचा हिस्सा टक्क्यांत लिहिता येतो. लग्नाआधी आई-वडिलांचं नाव दिलं असेल तर लग्नानंतर बदला. बदलायचं पूर्वीचं शुल्क एप्रिल २०२५ मध्ये काढून टाकलं आहे. पासबुक हातात आल्यावर नॉमिनीची नोंद छापून आली आहे का, हे खिडकी सोडायच्या आधी वाचा.

६. पाच तारीख

पीपीएफचं व्याज कसं मोजतात? महिन्याच्या ५ तारखेचा दिवस संपल्यापासून महिनाअखेरपर्यंत जी सगळ्यात कमी शिल्लक असेल, तिच्यावर. ते जमा होतं वर्षातून एकदा, ३१ मार्चला. त्यामुळे ५ तारखेपर्यंत पडलेल्या पैशाला त्या महिन्याचं व्याज मिळतं, ६ तारखेच्या पैशाला नाही.

दीड लाख एकदम ५ एप्रिलपर्यंत भरले तर ७.१ टक्क्यांनी त्या वर्षाचं व्याज १०,६५० रुपये. ६ एप्रिलला भरले तर ९,७६२ रुपये ५० पैसे. आणि कर वाचवायच्या घाईत २८ मार्चला भरले, तर त्या वर्षी त्यावर शून्य. किती वर्षं आपण सगळे मार्चअखेरीस रांगा लावत होतो!

दर महिन्याला भरणाऱ्यांचंही तसंच. ५,००० रुपये दरमहा ५ तारखेच्या आत भरले तर पहिल्या वर्षी २,३०७ रुपये ५० पैसे व्याज, दरवेळी ५ नंतर भरले तर १,९५२ रुपये ५० पैसे. पगार १ तारखेला होत असेल तर ३ तारखेची स्थायी सूचना बँकेला देऊन टाका. चेकनं भरणार असाल तर तो ५ च्या आत वटायला हवा, म्हणून आधीच्या महिन्याच्या शेवटीच टाका.

वर्षाला किमान ५०० आणि जास्तीत जास्त दीड लाख, ५० च्या पटीत, कितीही हप्त्यांत. दीड लाखाच्या वर गेलेल्या रकमेला व्याज नाही. दर सरकार तिमाहीला जाहीर करतं. एप्रिल २०२० पासून तो ७.१ वर आहे, पण पूर्वी तो १२ टक्केही होता, तेव्हा पुढच्या पंधरा वर्षांचं गणित एकाच दरावर पक्कं बांधू नका. अंदाज हवा असेल तर एवढं धरा: दरवर्षी एप्रिलच्या सुरुवातीला १२,००० रुपये भरले आणि दर हाच राहिला, तर १,८०,००० भरून सुमारे सव्वातीन लाख हाती येतात.

जावेसारखं खातं खंडित झालं असेल तर घाबरू नका. चुकलेल्या प्रत्येक वर्षाचे ५०० आणि ५० रुपये दंड भरला की ते पुन्हा सुरू होतं. तिचे दोन वर्षांचे १,१०० आणि चालू वर्षाचे ५०० गेले. खातं खंडित असेपर्यंत शिल्लकीवर व्याज मिळतं, पण कर्ज किंवा मधली उचल मिळत नाही.

७. मध्येच पैसे लागले तर

पंधरा वर्षं ऐकून लोक मागे हटतात. ऑगस्ट २०२५ मध्ये उघडलेलं खातं धरू. पंधरा वर्षं मोजतात ती ते आर्थिक वर्ष संपल्यापासून, म्हणजे ३१ मार्च २०४१ ला मुदत पूर्ण.

कर्ज २०२७-२८ पासून मिळतं. मागच्याच्या मागच्या वर्षाअखेरच्या शिल्लकीच्या २५ टक्क्यांपर्यंत, वर्षाला १ टक्का व्याजानं, ३६ महिन्यांत फेडायचं. वेळेत फेडलं नाही तर तो १ टक्का ६ टक्के होतो.

उचल २०३१-३२ पासून, वर्षातून एकदा. चौथ्या मागच्या वर्षाअखेरची आणि मागच्या वर्षाअखेरची शिल्लक यांतली जी कमी असेल तिच्या निम्म्यापर्यंत. तीही करमुक्त. महिन्यात कधीही काढले तरी काढलेल्या रकमेवरचं त्या महिन्याचं व्याज जातं, म्हणून पैसे काढायचे झाल्यास महिन्याच्या सुरुवातीलाच काढा.

गंभीर आजार, उच्च शिक्षण किंवा परदेशी स्थायिक होणं, यांसाठी पाच वर्षांनंतर खातं बंदही करता येतं, पण सुरुवातीपासूनचं व्याज १ टक्का कमी धरतात.

म्हणून माझं सांगणं: सहा महिन्यांच्या घरखर्चाची रक्कम बचत खात्यात किंवा साध्या एफडीत ठेवल्याशिवाय पीपीएफमध्ये मोठी रक्कम घालू नका. दुकान किंवा छोटा धंदा असणाऱ्या घराला इथे आणखी एक आधार आहे. धंद्यातल्या देण्यापोटी कोर्टाच्या हुकूमनाम्यानं या खात्यावर जप्ती येत नाही.

घरात दहा वर्षांखालची मुलगी असेल तर तिच्यासाठी आधी सुकन्या समृद्धी पाहा. व्याज ८.२ टक्के, तेही करमुक्त, किमान २५० आणि कमाल दीड लाख. पंधरा वर्षं भरायचे, एकवीस वर्षांनी मुदत.

८. रिटर्नमध्ये व्याज दाखवा

कर शून्य आला म्हणजे रिटर्न भरायची गरज नाही, असा समज फार पसरला आहे. नव्या प्रणालीत उत्पन्न ४ लाखांच्या वर असेल तर कर शून्य असला तरी रिटर्न भरायचं असतं. त्यात पीपीएफचं वर्षाचं व्याज करमुक्त उत्पन्नाच्या रकान्यात लिहा. कर लागत नाही, पण पुढे मोठी रक्कम खात्यात आली आणि कुणी विचारलं तर पंधरा वर्षांचा माग तयार असतो. आयकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला असून त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. ८०सीची जागा कलम १२३ नं घेतली आहे, तेव्हा नव्या फॉर्मवर जुना आकडा दिसला नाही तर गोंधळू नका.

९. मुदत संपते त्या वर्षी

इथे तीन वाटा आहेत. फॉर्म ३ देऊन सगळे पैसे काढायचे. किंवा काहीच न भरता खातं तसंच ठेवायचं: व्याज चालू राहतं आणि वर्षातून एकदा हवी तेवढी रक्कम काढता येते. किंवा फॉर्म ४ देऊन पाच वर्षांसाठी भरणा चालू ठेवायचा. त्या पाच वर्षांत सुरुवातीच्या शिल्लकीच्या ६० टक्क्यांपर्यंत काढता येतात.

फॉर्म ४ मुदत संपल्यापासून एका वर्षाच्या आतच द्यावा लागतो. तो न देता पैसे भरत राहिलात तर त्या भरण्याला व्याज नाही, आणि वर्ष उलटलं की भरणा चालू ठेवायचा पर्यायच जातो. बँकेची स्थायी सूचना मात्र आपोआप थांबत नाही, ती पैसे टाकतच राहते. माझ्या बाबतीत एप्रिल आणि मे २०२५ चे दोन हप्ते असेच गेले होते. जूनमध्ये पासबुकात एंट्री मारून घेताना खिडकीवरच्या ताईंच्या ते लक्षात आलं, त्यांनी तिथेच फॉर्म ४ भरून घेतला आणि पोचपावतीवर शिक्का मारून दिला. मुदतीची तारीख पासबुकाच्या पहिल्या पानावर लाल पेनानं लिहून ठेवा, आणि ती नॉमिनीलाही दाखवा.